ज्वारीचं व्हिनेगर, तांदळाचं व्हिनेगर : ताइयुआन ते झेनजियांग

पहिला दिवस : बीजिंग – शिजियाझुआंग – ताइयुआन

बीजिंगहून ताइयुआनला थेट गाड्या भरपूर आहेत. तरी वाटेत शिजियाझुआंगला उतरल्याशिवाय पुढं जाववेना. इथल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये आला, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, याच प्रांतातल्या एका खेड्यात गेला. पुतळ्यासमोर ताजी फुलं होती. आम्हीही वाहिली आणि दुपारची गाडी धरली.

आम्ही म्हणजे मी आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी. मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ती आमच्याकडून एम. एस्सी. होऊन आता शांघायमध्ये नोकरीला आहे आणि चिनी फर्डं बोलते. तिच्याशिवाय हा प्रवास झालाच नसता, कारण मला जे पाहायचं होतं ते सहलीवाल्यांच्या यादीत नसतं. चिनी व्हिनेगर कसं तयार होतं आणि त्याची चव नेमकं कोण घडवतं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. पाठ्यपुस्तकात हा विषय दोन ओळींत उरकतो : यीस्ट साखरेची दारू करतं, अॅसिटोबॅक्टर हा जिवाणू त्या दारूचं अॅसिटिक आम्ल करतो. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. पण ताइयुआनच्या एका बाटलीत सुक्या मनुकांचा, भाजल्या धान्याचा आणि किंचित धुराचा वास का येतो, हे त्या सांगत नाहीत.

शिजियाझुआंग सोडलं की गाडी थायहांगच्या डोंगररांगेत शिरते. त्यातला एक बोगदा सुमारे २८ किलोमीटर लांब आहे. पलीकडे निघालं की मुलूख बदललेला असतो : पिवळी भुसभुशीत माती, कापलेल्या दरडी, कोरडी हवा. हा शांशी प्रांत. भाताचा नाही, ज्वारी, बाजरीच्या जातीची बारीक धान्यं, ओट आणि गव्हाचा. शेतं कापून झाली होती. मधूनच ज्वारीची धाटं उभी दिसत होती. सोलापूरच्या डॉक्टरला वंदन करून निघालेल्या माणसाला ती धाटं बघून बरं वाटलं.

संध्याकाळी ताइयुआनमध्ये ताओश्याओ म्यान नावाच्या शेवया खाल्ल्या. बल्लव कणकेचा मोठा गोळा एका हातावर तोलतो आणि दुसऱ्या हातातल्या वाकड्या पात्यानं त्याच्या सालपटासारख्या पट्ट्या थेट उकळत्या पाण्यात उडवतो. टेबलावर मीठ नव्हतं, मिरची नव्हती, व्हिनेगरचा चंबू मात्र होता. शेजारच्या आजोबांनी वाटीत ते इतकं ओतलं की रस्सा काळा झाला. इथलं पाणी जड आणि क्षारयुक्त, खाणं पिठाचं, म्हणून आंबट लागतंच, असं शांशीतले लोक सांगतात. जुन्या काळचा इथला शिपाई बंदूक खाली ठेवायचा पण कमरेचा व्हिनेगरचा भोपळा सोडायचा नाही, ही गोष्टही आम्हाला पहिल्याच संध्याकाळी ऐकायला मिळाली.

मी चमचाभर व्हिनेगर नुसतंच जिभेवर घेतलं. आधी आंबट, पण ठसका नाही. मग मागून खारट-गोडसर, मांसाच्या रश्शात असतो तसला भरीवपणा. गिळल्यावर बराच वेळ भाजल्याची चव रेंगाळत राहिली. आपल्याकडं चायनीजच्या गाडीवर जे पांढरं पाणी मिळतं, त्याच्याशी या पदार्थाचं नातं फक्त आम्लापुरतं आहे.

दुसरा दिवस : ताइयुआन

सकाळी निंगहुआफू नावाच्या गल्लीत गेलो. गल्लीच्या तोंडाशीच वासानं वर्दी दिली. इथलं व्हिनेगरचं दुकान आपला इतिहास १३७७ सालापर्यंत, मिंग काळातल्या एका राजपुत्राच्या वाड्यापर्यंत नेतं. आजही सकाळी लोक प्लास्टिकचे कॅन घेऊन रांगेत उभे असतात. दूध आणायला यावं इतक्या सहजपणे येतात, पाच लिटर भरून घेतात, सायकलला अडकवतात आणि जातात.

नंतर शहरातल्याच एका जुन्या व्हिनेगर कारखान्याच्या आवारात गेलो. त्यांनी तो पाहुण्यांना बघण्यासाठी खुला ठेवला आहे. इथं पहिल्यांदा ताछ्यू हातात घेऊन पाहिलं. ताछ्यू म्हणजे जव आणि वाटाण्याच्या भरडीची वीट. साधारण सात भाग जव, तीन भाग वाटाणा, पाणी घालून मळायचा, साच्यात दाबायचा आणि विटा बंद खोलीत गवतावर रचून ठेवायच्या. बाहेरून कुणी काही पेरत नाही. धान्यावर, गवतावर, हवेत आणि त्या खोलीच्या भिंतींत जे काही जगतंय ते विटेवर येऊन बसतं. वीट आतून तापते, मग कामगार खिडक्या उघडून, विटांची जागा बदलून तिला थंड करतात, पुन्हा तापू देतात. महिनाभरात तिच्यात बुरशी, यीस्ट आणि जिवाणू यांची वसाहत तयार होते.

मी एक तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. बाहेरची साल करडी, आत पिवळसर पांढरे धागे, मधोमध एक तपकिरी कडं. या तीन थरांत राहणारी मंडळी वेगवेगळी. बुरशीची विकरं (एन्झाइम) स्टार्चची साखर करतात, यीस्ट त्या साखरेची दारू करतं. बॅसिलस जातीचे जिवाणू उष्णता सोसून टिकतात आणि धान्यातली प्रथिनं तोडून अमिनो आम्लं मोकळी करतात. काल रात्री जिभेला जो भरीवपणा लागला, त्यात या अमिनो आम्लांचा मोठा वाटा आहे.

शांशीच्या रिवाजात हे ताछ्यू फार सढळ हातानं वापरतात : ज्वारीच्या वजनाच्या साठ टक्क्यांहूनही जास्त. दारू तयार होण्यासाठी याच्या निम्म्यानंही भागेल. म्हणजे बाकीचं ताछ्यू दारूसाठी नाहीच, चवीसाठी आहे. सूक्ष्मजीवांची ही गर्दी आणि जव-वाटाण्याची प्रथिनं, दोन्ही मुद्दाम आत ढकलायची. माझ्या मते शांशीच्या व्हिनेगरची गोष्ट इथूनच वेगळी होते.

तिसरा दिवस : छिंगशू

ताइयुआनच्या दक्षिणेला छिंगशू तालुका आहे. शांशीच्या जुन्या मुरलेल्या व्हिनेगरचं हे माहेर. इथली बनवण्याची रीत २००६ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत गेली. मोठे कारखाने आहेतच, पण विद्यार्थिनीच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं आम्हाला एका घरगुती भट्टीत आत जाता आलं. मालकांचं वय साठीच्या पुढं, बोलणं कमी. विद्यार्थिनी त्यांना शीफू म्हणत होती, म्हणजे उस्ताद. मीही तेच म्हणू लागले.

शेडमध्ये कमरेइतक्या उंचीचे मातीचे रांजण रांगेनं मांडलेले. आत पातळ काही नाही. ज्वारीची दारू झाल्यावर ती गाळत नाहीत. तो सगळा लगदा गव्हाचा कोंडा आणि तुसात कालवतात. ओलसर, मोकळा, भुग्यासारखा ढीग तयार होतो, त्याला पेई म्हणतात. फ्रान्सच्या वाइनचं किंवा इंग्लंडच्या सफरचंदाचं व्हिनेगर द्रवात होतं. इथं सगळं काम या ओल्या भुग्यात चालतं. तुसामुळं भुगा घट्ट बसत नाही, कणाकणांत हवा खेळते. अॅसिटिक जिवाणूंना हवा नसेल तर काहीच करता येत नाही : दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड, मग अॅसिटिक आम्ल करणारी त्यांची विकरं पेशीच्या आवरणावर बसलेली असतात आणि त्यांना प्राणवायू लागतो.

शीफूंनी एका नव्या रांजणात मधोमध हातानं खळगा केला. मग शेजारच्या, तीनचार दिवस आधी लावलेल्या रांजणातून वाफाळता भुगा दोन्ही ओंजळींत उचलून त्या खळग्यात ठेवला आणि वरून थंड भुगा अलगद ओढून घेतला. हेच ते विरजण. आपण कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घालतो, तसंच. इथले कामगार याला आग देणं म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे : दारूचं आम्ल होताना उष्णता बाहेर पडते, खळग्यातला जिवंत भुगा तापतो, ताप कडेला पसरतो आणि तापाबरोबर जिवाणूही पसरतात. दुसऱ्या दिवसापर्यंत रांजणाचा वरचा भाग चाळीस अंशांच्या आसपास जातो.

“थर्मामीटर कुठं आहे?” मी विचारलं. शीफूंनी हात पुढं केला. कोपरापर्यंत भुग्यात घातला, क्षणभर ठेवला, बाहेर काढून मूठ उघडली आणि हुंगली. मग माझ्याकडं पाहून खुणेनं सांगितलं, तूही घाल.

मी हात घातला. वरचे चार बोटं अंतर कोमट, मग एकदम चटका लागेल असा पट्टा आणि त्याच्याखाली पुन्हा गार. तीन ऋतू एका रांजणात. मूठ बाहेर काढली तेव्हा डोळ्यांना पाणी आलं, इतकी वाफ तिखट होती. पण ती ओसरल्यावर भुग्याला चक्क पिकल्या फळाचा वास येत होता. अॅसिटिक आम्ल आणि उरलेली दारू यांच्या संयोगातून एथिल अॅसिटेट तयार होतं, त्याचा तो वास. खालचा गार भुगा घेतला तर त्याला फळाचा वास नाही, ताकासारखा मऊ आंबटपणा. तिथं हवा पोचलेली नाही, म्हणून तिथं राज्य लॅक्टिक जिवाणूंचं.

याच एका हाताच्या खोलीत मला माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. अॅसिटिक आम्ल उडतं, नाकात जातं, ठसका देतं. लॅक्टिक आम्ल उडत नाही. ते जिभेवर राहतं आणि पहिल्याची धार बोथट करतं. शांशीच्या व्हिनेगरमध्ये लॅक्टिक आम्ल भरपूर असतं आणि म्हणूनच ते इतकं आंबट असूनही घशाला खरवडत नाही. लॅक्टिक जिवाणू इथं भेसळ नाहीत, चुकून शिरलेले पाहुणेही नाहीत. शुद्ध वाण वापरून, टाकीत हवा सोडून दोनतीन दिवसांत व्हिनेगर करता येतं. आम्ल पुरेपूर मिळतं. या मंडळींना मात्र तिथं जागाच उरत नाही आणि चव सपाट होते.

शीफू रोज प्रत्येक रांजण हातानं वरखाली करतात. वरचा तापलेला भुगा खाली, खालचा गार वर. आठनऊ दिवसांत दारू संपत येते. ती पूर्ण संपली की धोका सुरू होतो, कारण अॅसिटोबॅक्टरला दारू मिळाली नाही तर तो स्वतः केलेलं आम्लच खाऊ लागतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतो. म्हणून वेळ साधून मीठ मिसळतात. मिठानं जिवाणू थांबतात. ती वेळ कशी कळते, असं विचारल्यावर उत्तर आलं : “वास गप्प होतो तेव्हा.” विद्यार्थिनीनं दोनदा विचारून खात्री केली, ते तसंच म्हणाले होते.

त्यानंतरचा टप्पा खास शांशीचा. तयार भुग्याचे दोन भाग करतात. अर्धा तसाच ठेवतात, त्याला पांढरा म्हणतात. उरलेला अर्धा भट्टीत बसवलेल्या रांजणांत भरतात. खाली निखारा, वर झाकण. रोज एका रांजणातून पुढच्यात उलटायचा, असं चारपाच दिवस. तापमान ऐंशी-पंच्याऐंशी अंश. या भट्टीत आता एकही जिवाणू काम करत नाही. पण जिवाणूंनी मागं ठेवलेला माल इथं शिजतो : अमिनो आम्लं आणि साखरा एकमेकांना भिडून काळपट रंग आणि भाजल्याचा वास येतो. पहिल्या रांजणातला भुगा तपकिरी होता, शेवटच्यातला कोळशासारखा काळा. मग पांढऱ्या भुग्यातून पाणी निथळवून जे व्हिनेगर मिळतं ते उकळून काळ्या भुग्यावर ओततात आणि खालच्या तोटीतून थेंबथेंब गोळा करतात.

मागच्या अंगणात शेकडो रांजण उघड्यावर, प्रत्येकावर टोपीसारखं झाकण. उन्हाळ्यात झाकण काढून उन्हात वाळवायचं, हिवाळ्यात वर धरलेला बर्फ काढून टाकायचा, ही इथली जुनी रीत. पाणी दोन्ही वाटांनी जातं, व्हिनेगर दाट होतं. एका रांजणात निम्माच माल उरला होता. तो किती वर्षांचा, ते शीफूंनी सांगितलं नाही. काडी बुडवून माझ्या तळहातावर एक थेंब ठेवला. तो थेंब तळहात तिरका केला तरी ओघळला नाही.

चौथा दिवस : रेल्वेत

ताइयुआन ते नानजिंग, तिथून गाडी बदलून झेनजियांग. दिवसभर खिडकी. पिवळी माती संपून हिरवं, ओलं, कालव्यांचं सपाट मैदान कधी सुरू झालं ते कळलंही नाही.

चीनमध्ये व्हिनेगरवर किती जुनं लिखाण आहे ते वाटेत वाचत होते. सहाव्या शतकात जिया सिश्ये या अधिकाऱ्यानं शेती आणि घरगुती प्रक्रियांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात व्हिनेगरच्या वीसहून अधिक कृती आहेत. व्हिनेगर सजीव करतात हे युरोपात पाश्चरनं १८६०च्या दशकात सिद्ध केलं, आणि शीफूंच्या रांजणातला मुख्य जिवाणू, अॅसिटोबॅक्टर पाश्चरियानस, त्याचंच नाव मिरवतो. मधल्या तेराशे वर्षांत माणसांनी या जिवाणूला न बघता सांभाळलं. त्याला काय खायला घालायचं, केव्हा हलवायचं, केव्हा थांबवायचं, हे सगळं ठाऊक होतं.

पाचवा दिवस : झेनजियांग

यांगत्से नदी आणि महाकालवा जिथं एकमेकांना छेदतात तिथं झेनजियांग आहे. भाताचा प्रदेश, ओलसर हवा, व्यापाराचं जुनं बंदर. इथली तीन नवलं लोक तालात म्हणून दाखवतात : व्हिनेगर ठेवलं तरी बिघडत नाही, शियाओरौ नावाचं जेलीतलं डुकराचं मांस असून जेवणातली भाजी-आमटी नव्हे, आणि शेवया शिजवताना पातेल्यात झाकणही शिजतं. तिसरं नवल आम्ही सकाळीच पाहिलं. भल्यामोठ्या कढईत छोटं लाकडी झाकण शेवयांवर तरंगत असतं, त्यामुळं फेस वर येऊन ऊत जात नाही.

दानथू भागात हेंगशुनच्या कारखान्याजवळ चीनचं व्हिनेगर संग्रहालय आहे. हेंगशुनची सुरुवात १८४० साली झू झाओहुआय यांनी केली. आधी दारूची भट्टी होती, तिच्या चोथ्यातून पुढं व्हिनेगर आलं. इथलीही रीत २००६च्या त्याच यादीत आहे. दारू, पेई आणि निथळ असे तीन मोठे टप्पे, त्यांत चाळीसहून अधिक पायऱ्या, सत्तरहून अधिक दिवस आणि त्यानंतर निदान सहा महिने मुरवण.

कच्चा माल ज्वारी नाही, चिकट तांदूळ. छ्यू, म्हणजे सूक्ष्मजीवांनी भरलेली ती धान्याची वीट, इथं गव्हाची. तयार भुगा भट्टीत भाजणं नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे भुगा हलवण्याची पद्धत. पूर्वी रांजण होते, आता लांबलचक हौद आहेत. सुरुवातीला फक्त वरच्या थरात विरजण मिसळतात. ते आधीच्या, साधारण सात दिवस चाललेल्या घाण्यातून घेतात. खालचं सगळं तसंच पडून. दुसऱ्या दिवशी वरचा तापलेला थर त्याच्या खालच्या थोड्या थरात मिसळायचा. तिसऱ्या दिवशी आणखी थोडं खाली. असं करत नऊदहा दिवसांनी तळ गाठायचा. मग आठवडाभर रोज सगळं तळापासून ढवळायचं आणि शेवटी मीठ घालून, दाबून, झाकून ठेवायचं.

काचेच्या अलीकडून आम्ही हे काम बघत उभ्या होतो. एक तरुण कामगार लांब दांड्याच्या फावड्यानं हौदाचा एक हात खोल भाग उलटत होता. फावडं कुठं थांबवायचं हे त्याला खुणेशिवाय कळत होतं : भुग्याचा रंग बदलला की हात थांबायचा. वरचा तांबूस, खालचा फिकट. त्या रेषेच्या वर अॅसिटिक जिवाणूंचा मुलूख, खाली लॅक्टिक जिवाणूंचा. रोज ती रेषा थोडी खाली सरकते.

मला ही युक्ती विलक्षण वाटली. शांशीत सगळ्या रांजणाला एकदम आग लागते आणि नऊ दिवसांत काम आटोपतं. इथं खालच्या थरांना मुद्दाम थांबवून ठेवतात. तळाचा भुगा दहा दिवस हवेविना पडून असतो, त्या काळात लॅक्टिक जिवाणू तिथं निवांत काम करतात. अॅसिटिक जिवाणू पोचेपर्यंत त्या थरात लॅक्टिक आम्ल साठलेलं असतं आणि आम्ल सोसणारीच मंडळी पुढं जगतात. आंबट वास येणारं पण बिघडलेलं, असं काही या हौदात का रुजत नाही, त्याचं कारण हेच. बाहेरच्या जंतूंना इथं पाय ठेवायला जागा नसते.

सभोवती आज जी मोठी यंत्रं आहेत ती हाच जुना क्रम पाळतात. भुगा उलटणारं यंत्रही रोज ठरलेल्या खोलीपर्यंतच जातं.

संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात चव घ्यायला दिलं. शांशीपेक्षा हलकं, गोडसर, तांदळाची आठवण ठेवणारं. रंग काळसर आहे, पण तो भट्टीतून नाही. तांदूळ भाजून, काळा करून त्याचं पाणी घालतात आणि उकळतात. मग मातीच्या बरण्यांत मुरवतात. दोन बरण्या शेजारी, एक नवी आणि एक काही वर्षांची. नवीत आंबट वेगळं, गोड वेगळं, भाजकं वेगळं लागत होतं. जुनीत या तिघांना वेगळं काढता येईना.

सहावा दिवस : झेनजियांग

सकाळ जिनशान मंदिरात. टेकडीवर चढत गेलेलं हे देऊळ श्वेतनागिणीच्या दंतकथेमुळं चीनभर माहीत आहे; नवऱ्याला सोडवण्यासाठी तिनं इथं पूर आणला, अशी ती कथा. मला मात्र या टेकडीचं वेगळंच अप्रूप होतं. झेनजियांगच्या भुग्यातून वेगळा केलेला एक नवा लॅक्टिक जिवाणू शास्त्रज्ञांनी २०२० साली जगासमोर मांडला आणि त्याला जिनशानचं नाव दिलं. शतकानुशतकं या गावाच्या जेवणात असलेल्या एका रहिवाशाची नोंद एवढ्यात झाली. आधीच्या पद्धतींत तो हाती लागला नाही यात नवल नाही : इतक्या आम्लात जगणारे जिवाणू प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या थाळीत वाढायला तयार नसतात.

दुपारी शीजिनदू या जुन्या धक्क्याच्या फरसबंद गल्लीतून नुसतं भटकलो. नदी आता इथून दूर सरकली आहे. संध्याकाळी लवकर झोपलो.

सातवा दिवस : झेनजियांग ते शांघाय

शांघायच्या वाटेवर वूशी लागतं. तिथल्या च्यांगनान विद्यापीठात या व्हिनेगरच्या जिवाणूंवर बरीच वर्षं काम चालू आहे. भुग्यातला सगळा डीएनए एकदम वाचण्याचं तंत्र आल्यावर तिथल्या आणि इतर प्रयोगशाळांतल्या संशोधकांनी दिवसागणिक नमुने तपासले. सुरुवातीला लॅक्टोबॅसिलस गटाचं पारडं जड, पुढं अॅसिटोबॅक्टर वाढत जातो आणि शेवटपर्यंत दोघं एकत्र नांदतात, असं दिसलं. हौदाच्या काचेअलीकडून आम्हाला जी रंगाची रेषा दिसली होती, तिचीच ही आकड्यांतली बाजू.

या कामातला मला सगळ्यात आवडलेला धागा अॅसिटोइन नावाच्या एका छोट्या रेणूचा आहे. लॅक्टिक जिवाणू, बॅसिलस, अॅसिटोबॅक्टर, सगळेच तो थोडाथोडा बनवतात. स्वतः अॅसिटोइनला लोण्याचा मंद वास असतो. पण मुरवताना आणि उकळताना तो अमोनियाशी संयोग पावतो आणि त्यातून टेट्रामेथिलपायराझिन तयार होतं. भाजल्या दाण्याचा, कोकोचा वास देणारं. म्हणजे पहिल्या रात्री ताइयुआनमध्ये मला जी भाजकी चव लागली ती नुसती भट्टीची नव्हती. भट्टीला लागणारा माल जिवाणूंनी आधीच तयार ठेवला होता. भट्टी नसलेल्या झेनजियांगच्या जुन्या बरणीतही तीच चव का होती, याचाही उलगडा झाला : तिथं भाजल्या तांदळाच्या जोडीला हेच काम काळ करतो, फक्त सावकाश. अॅसिटोइन जास्त देणारे वाण निवडून भुग्यात मिसळले तर काय होतं, याचे प्रयोगही झाले आहेत. मला त्यात रस आहे, पण वाण मिसळताना जुनी गर्दी हटणार नाही ना, हे आधी बघायला हवं. एक चव वाढवताना दहा चवी घालवणं सोपं असतं.

रात्री विद्यार्थिनीच्या घरी खेकडे होते. नोव्हेंबर म्हणजे सरोवरातल्या केसाळ खेकड्यांचा मोसम. मी मूळची मालवणची, त्यामुळं खेकडा फोडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. वाफवलेला खेकडा, आल्याचे बारीक काप आणि झेनजियांगचं व्हिनेगर, एवढंच. मसाला नाही. आम्ही शेजारी शांशीचंही ठेवलं होतं. ते खेकड्याला दाबून टाकत होतं. त्याला पिठाच्या शेवया हव्यात. झेनजियांगचं खेकड्याचा गोडवा उचलून धरत होतं. दोन्ही थोर आहेत, पण अदलाबदल करू नये.

ज्यांना विकत घ्यायचं आहे त्यांच्यासाठी : बाटलीवर झेनजियांगसाठी जीबी/टी १८६२३ आणि शांशीच्या जुन्या व्हिनेगरसाठी जीबी/टी १९७७७ ही मानकं छापलेली असतात, ती पाहून घ्यावीत. आणि घटकांच्या यादीत धान्य, कोंडा, छ्यू, मीठ आहे ना ते बघावं.

“मॅडम, शीफूंकडचं मूठभर विरजण कोल्हापूरला नेता आलं असतं तर?” हात धुताना तिनं विचारलं.

नेऊन फार उपयोग झाला नसता, असं मी तिला सांगितलं. चारपाच घाण्यांत तिथली गर्दी पांगली असती आणि आपल्या हवेतली, आपल्या कोंड्यातली मंडळी तिच्या जागी येऊन बसली असती. विरजण एकटं चव टिकवत नाही. रोज त्यात हात घालणारा माणूस, तिथलं छ्यू, तिथला गारठा, हे सगळं लागतं. पण आपल्या किनाऱ्यावर आपली गर्दी आहेच. गोव्यात रेंदेर माडाची सूर, म्हणजे माडी, काढतात आणि ती मडक्यांत आंबवून व्हिनेगर होतं. विंदालूची आणि लोणच्यांची चव त्यावर उभी आहे. त्या मडक्यांत वरच्या थरात कोण, खाली कोण, कुणाच्या घरी किती लॅक्टिक आम्ल, अॅसिटोइन कुठं जास्त, हे दिवसागणिक नमुने घेऊन बघता येईल. पुढच्या सत्रातल्या दोन विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हाच विषय द्यायचा, असं आम्ही तिथंच ठरवलं आणि नमुने किती आणि कोणत्या वेळी घ्यायचे याचा तक्ता तिनं रात्रीच करायला घेतला.